मुलाच्या पडलेल्या पापणीची शस्त्रक्रिया: पहिल्या तपासणीपासून नंतरच्या रात्रींपर्यंत

आमच्या मुलीची डावी पापणी जन्मापासून खाली. ती आठ महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा मी मनात एकच प्रश्न घोकत होते: ऑपरेशन कधी करायचं? डॉक्टरांनी पापणीला हातही लावला नाही. तिच्यासमोर एक खेळणं धरलं आणि डावा डोळा तळव्याने झाकला. ती मजेत खेळण्याकडे बघत राहिली. मग उजवा झाकला. ती लगेच कुरकुरायला लागली, त्यांचा हात ढकलायला लागली. "डाव्या डोळ्याने हिला कमी दिसतंय. आधी ते बघू, पापणी नंतर," ते म्हणाले.

आठ महिने आम्ही हा फक्त चेहरा कसा दिसतो याचा प्रश्न समजत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हा लेख. ज्यांच्या बाळाची किंवा मुलाची पापणी खाली आहे आणि ज्यांना हे सगळं नवीन आहे, त्यांनी कोणत्या क्रमाने जायचं ते सांगते.

पहिलं काम: नजर तपासून घ्या, आजच

पापणी खाली असण्याला डॉक्टर 'टोसिस' म्हणतात. जन्मतः असेल किंवा पहिल्या वर्षात दिसून आली तर जन्मजात टोसिस. बहुतेक मुलांमध्ये तो एकाच बाजूला असतो.

पापणी बाहुलीवर आली की डोळ्यात उजेड आणि चित्र नीट जात नाही, हे कुणालाही समजतं. पण बाहुली उघडी असली तरी धोका संपत नाही. पापणीच्या दाबाने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा, आकार किंचित बदलतो आणि त्या डोळ्याला चष्म्याचा सिलिंडरचा नंबर येऊ शकतो. एका डोळ्याचं चित्र स्पष्ट आणि दुसऱ्याचं धूसर, असं झालं की मेंदू धूसर डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. हाच 'आळशी डोळा'. डोळा निरोगी असतो, पण त्याने बघायला मेंदू शिकलेलाच नसतो. हे शिक्षण आयुष्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांत होतं, आणि त्यातली सुरुवातीची वर्षं सगळ्यात मोलाची असतात. पापणी पुढे कधीही उचलता येते. हातची गेलेली ती वर्षं भरून काढणं फार कठीण असतं.

तपासणीत बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालून चष्म्याचा नंबर काढतात, डोळ्याचा मागचा पडदा बघतात, तिरळेपणा आहे का ते बघतात. ड्रॉप्स थोडे झोंबतात आणि नंतर काही तास उजेड सहन होत नाही, त्यामुळे टोपी आणि एखादं आवडतं खेळणं सोबत ठेवा. बाळाला चष्मा लागला तर तो लावा. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली तर सांगितले तेवढे तास बांधा. कमी नाही आणि जास्तही नाही, कारण अति पट्टीने चांगल्या डोळ्याची नजर मागे पडू शकते. आमच्या घरी पट्टीचे पहिले दोन आठवडे रडारडीत गेले. मग कळलं की पट्टी बांधल्यावर लगेच समोर काहीतरी बारीक, रंगीत, हाताने करायचं ठेवलं तर ती पट्टी विसरते.

हे इतकं सविस्तर सांगते, कारण शस्त्रक्रियेने आळशी डोळा बरा होत नाही. उचललेल्या पापणीखाली न बघणारा डोळा राहिला तर काय उपयोग?

दुसरं: पापणी का खाली आहे, ते नक्की करा

बहुतेक मुलांमध्ये कारण साधं असतं. पापणी उचलणारा लिव्हेटर नावाचा स्नायू गर्भातच नीट घडलेला नसतो. त्यात स्नायूच्या तंतूंच्या जागी चरबी आणि ताठ तंतू असतात. असा स्नायू धड आकसत नाही, तसाच धड सैलही पडत नाही. म्हणून एक गंमत दिसते: मूल समोर बघताना त्याची पापणी खाली असते, पण ते जमिनीकडे बघायला लागलं की तीच पापणी दुसऱ्या पापणीपेक्षा वर अडकल्यासारखी दिसते. ही खूण लक्षात ठेवा, शस्त्रक्रियेनंतर तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

काही कारणं मात्र वेगळी असतात आणि त्यांचा मार्गही वेगळा असतो. दूध पिताना किंवा चावताना बाळाची पापणी टपटप वर जात असेल तर त्याला मार्कस गन जबडा-पापणी हालचाल म्हणतात. १८८३ साली याचं वर्णन प्रथम झालं. चावण्याच्या स्नायूंची मज्जातंतूची तार चुकून पापणीच्या स्नायूला जोडली गेल्यासारखं ते असतं. हे बहुतेकदा सगळ्यात आधी आईच्याच लक्षात येतं, पण ती सांगत नाही, कारण ते महत्त्वाचं आहे हे तिला माहीत नसतं. डॉक्टरांना नक्की सांगा, शक्य असेल तर व्हिडिओ दाखवा. दोन्ही डोळ्यांच्या फटी अरुंद, डोळ्यांमधलं अंतर जास्त आणि आतल्या कोपऱ्यात खालून वर जाणारी त्वचेची घडी असेल तर तो एक आनुवंशिक प्रकार असू शकतो. त्यात जनुकतज्ज्ञांचा सल्ला घेतात, कारण त्याच्या एका प्रकारात मुलींच्या बीजाशयांवरही परिणाम होतो.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर शस्त्रक्रियेची चौकशी बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. पापणी जन्मतः ठीक होती आणि आता अचानक पडली. दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या आहेत. डोळा बाहेर किंवा खाली वळलेला आहे, मूल एकाचे दोन दिसतात म्हणतं. सकाळी पापणी बरी आणि संध्याकाळी किंवा थकल्यावर खूप खाली, सोबत गिळताना त्रास किंवा आवाज दमल्यासारखा. पापणीवर गाठ किंवा लाल फुगवटा आहे. यांमागे मज्जातंतूंचे, स्नायूंचे किंवा छातीतले, मानेतले आजार असू शकतात, आणि त्यांचे उपचार पापणीवर नसतात.

तिसरं: मापं समजून घ्या

डॉक्टर छोटी पट्टी घेऊन मिलिमीटर मोजायला लागले की पालक गप्प बसून राहतात. मीही बसले होते. पण शस्त्रक्रियेचा सगळा निर्णय या आकड्यांवर ठरतो, तेव्हा विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

एक माप बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं. सर्वसाधारण डोळ्यात ते ४ ते ५ मिमी असतं. दुसऱ्या डोळ्याच्या तुलनेत पापणी २ मिमीपर्यंत खाली असेल तर सौम्य, ३ मिमी म्हणजे मध्यम, ४ किंवा जास्त म्हणजे तीव्र टोसिस, अशी ढोबळ विभागणी आहे.

खरं महत्त्वाचं माप दुसरं: लिव्हेटरची ताकद. डॉक्टर भुवईवर अंगठा घट्ट दाबून धरतात, म्हणजे भुवईची मदत मिळत नाही. मग मुलाला आधी पूर्ण खाली आणि नंतर पूर्ण वर बघायला लावतात आणि पापणीची कड किती मिमी सरकली ते मोजतात. १५ मिमीच्या आसपास असेल तर स्नायू उत्तम. ८ किंवा जास्त चांगली ताकद, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा कमी म्हणजे कमजोर. आमच्या मुलीचा आकडा ३ होता.

तान्ह्या बाळाला 'वर बघ' सांगता येत नाही. मग बाळ किती हनुवटी वर करतं, भुवया किती ताणतं, पापणीवर घडी पडते का, यावरून अंदाज बांधतात. घडी अजिबात नसेल तर स्नायू बहुधा कमजोर असतो. घरच्या घरी तुम्ही एक चांगलं काम करू शकता: समोरून, बाळ शांत असताना, दर महिन्याला एक फोटो. वर्षभराचे असे फोटो डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट बघतात, तिचा अर्थ पुढे कळेल. पापणी मिटवायला लावून, ती हाताने उघडली असता डोळा वर फिरतो का, हे पाहतात. झोपेत पापणी उघडी राहिली तर डोळा असा वर गेलेला असणं हेच पारपटलाचं संरक्षण असतं. पारपटलाला स्पर्श कळतो का आणि अश्रू पुरेसे आहेत का, हेही बघतात. यात कमतरता असेल तर सर्जन पापणी मुद्दाम थोडी कमी उचलतात किंवा थांबतात.

चौथं: वेळ ठरवणं

पापणीने बाहुली झाकली असेल आणि नजर वाढायला अडथळा होत असेल तर वाट बघत नाहीत. अशा बाळांची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतही करतात. मूल डोकं मागे टाकूनच बघत असेल, त्यामुळे मान धरायला, चालायला अडचण येत असेल तरी लवकर.

बाकीच्यांसाठी साधारण ३ ते ५ वर्षांचं वय बरं मानतात. तोवर मूल थोडं सहकार्य करतं, मापं भरवशाची मिळतात, आणि शाळेतल्या प्रश्नांना तोंड देण्याआधी काम होतं. मात्र थांबलेल्या मुलाची नजर दर काही महिन्यांनी तपासावीच लागते. 'मोठी झाली की करू' म्हणून घरी बसणं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली थांबणं यांत फार फरक आहे.

सौम्य टोसिस असेल, नजर दोन्ही डोळ्यांची सारखी असेल, तर शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णयही योग्य असू शकतो.

पाचवं: कोणती शस्त्रक्रिया

स्नायूत थोडीफार ताकद असेल तर तोच स्नायू आखूड करतात. पापणीच्या घडीच्या जागी छेद देऊन लिव्हेटर मोकळा करायचा, त्याचा काही भाग कापायचा आणि उरलेला पापणीतल्या कडक पट्टीला शिवायचा. याला लिव्हेटर रिसेक्शन म्हणतात. टोसिस अगदी सौम्य आणि ताकद उत्तम असेल तर पापणीच्या आतल्या बाजूनेही काम करता येतं. त्यात बाहेर व्रण राहत नाही.

ताकद ४ मिमी किंवा कमी असेल तर लिव्हेटर कितीही आखूड केला तरी बहुतेकदा पुरत नाही. मग पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. याला स्लिंग म्हणतात. तुम्ही पाहिलंच असेल, आपलं मूल भुवई उंचावून पापणी थोडी वर ओढतं. स्लिंगमध्ये पापणी आणि भुवई यांच्यामध्ये त्वचेखालून एक दोरीसारखी पट्टी घालतात, म्हणजे भुवईची ती ओढ थेट पापणीला पोचते.

ही पट्टी कशाची, यावर पालक सगळ्यात जास्त गोंधळतात. मुलाच्या स्वतःच्या मांडीतली फेशिया लाटा नावाची चिवट पट्टी जुनी आणि टिकाऊ मानली जाते. ती शरीराचीच असल्याने कालांतराने पापणीत रुजते. पण त्यासाठी मांडी पुरेशी लांब असावी लागते, म्हणून साधारण ३ वर्षांनंतरच. मांडीवर छोटा व्रण येतो आणि काही दिवस चालताना दुखतं. दुसरा पर्याय सिलिकॉनची बारीक दोरी. ती लवचीक असते, पुढे सैल-घट्ट करता येते, गरज पडल्यास काढताही येते, म्हणून तान्ह्या बाळांना बहुतेकदा तीच किंवा दुसरी एखादी कृत्रिम दोरी घालतात. कृत्रिम दोरी पुढे सैल पडण्याची, क्वचित जंतुसंसर्ग होण्याची किंवा त्वचेतून डोकावण्याची शक्यता असते. एका वर्षाच्या बाळात सिलिकॉन घालून नजर वाचवणं आणि मोठेपणी मांडीची पट्टी घालणं, हा दोन टप्प्यांचा मार्ग मला चुकीचा वाटत नाही. पहिली शस्त्रक्रिया फुकट गेली असं त्यात काही नसतं.

एकाच बाजूचा टोसिस आणि स्लिंग, इथे एक अवघड प्रश्न येतो. दोन्ही डोळे उघडे असताना मुलाला त्या बाजूची भुवई उचलायची गरज वाटत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने सगळं दिसतंच आहे. मग स्लिंग असूनही पापणी आळसावते. काही सर्जन म्हणूनच दोन्ही बाजूंना स्लिंग सुचवतात, म्हणजे दोन्ही पापण्या सारख्या वागतात. निरोगी पापणीला हात लावणं आम्हाला जमेना, आणि आमच्या सर्जननी तो निर्णय मानला. भुवई वापरायची सवय तिला आरशासमोर खेळ करून लावली. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. पण हा प्रश्न शस्त्रक्रियेआधी विचारा, नंतर नाही.

काय मिळेल, काय नाही

हे प्रत्येक पालकाने सही करण्याआधी समजून घ्यावं. शस्त्रक्रिया कमजोर स्नायूला बलवान करत नाही, ती पापणीची उंची बदलते. समोर बघताना दोन्ही डोळे बरेच सारखे दिसतील. खाली बघताना मात्र ती पापणी वर राहील, आणि झोपेत डोळा थोडा उघडा राहील. हे बिघाड नाहीत, अपेक्षित परिणाम आहेत.

पापणी हवी त्यापेक्षा कमी उचलली जाणं ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. जास्त उचलली जाणं, कडेचा आकार थोडा वाकडा येणं, घडी असमान दिसणं, हेही होतं. मूल वाढताना पापणी पुन्हा खाली येऊन दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. सर्जनना विचारा: तुम्ही लहान मुलांच्या अशा किती शस्त्रक्रिया करता? कमी-जास्त झालं तर कधी आणि कसं दुरुस्त कराल? पारपटल कोरडं पडलं तर काय करायचं? शांतपणे उत्तरं देणारा सर्जन निवडा.

शस्त्रक्रियेचा दिवस

लहान मुलांना पूर्ण भूल देतात. भूलतज्ज्ञांना कुटुंबात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, स्नायूंचा आजार आहे का, मुलाला दमा, ऍलर्जी, सतत रक्त वाहण्याची प्रवृत्ती आहे का, ते सगळं सांगा. ताप, खोकला, वाहतं नाक असेल तर लपवू नका. तारीख पुढे जाते, पण श्वासाचा धोका टळतो.

उपाशी ठेवण्याचे नियम सर्वसाधारणपणे असे असतात: अन्न, वरचं दूध आणि पावडरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. तुमच्या रुग्णालयाने वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. आणि घरातल्या प्रत्येकाला हे सांगा. आमच्याकडे पहाटे कुणीतरी प्रेमाने बिस्किट पुढे केलं होतं, वेळेवर दिसलं म्हणून तारीख वाचली.

एका डोळ्याचं प्रत्यक्ष काम बहुधा तासाभराचं असतं, पण बाहेर बसलेल्या आईला ते तेवढं वाटत नाही. भुलेतून उठताना मुलं खूप चिडचिड करतात, तुम्हाला ओळखत नाहीत असं वाटतं. अर्ध्या-पाऊण तासात ते ओसरतं. जवळ घ्या आणि हात डोळ्याकडे जाऊ देऊ नका.

घरी आल्यावर

मला कुणी नीट तयार केलं नव्हतं ते या भागासाठी. पहिल्या रात्री ती झोपली आणि डोळा उघडाच. खाली पांढरं दिसत होतं. मी दर दहा मिनिटांनी उठून बघत होते. पहिले काही आठवडे ही फट जास्त असते, मग हळूहळू कमी होते, पण स्लिंगनंतर थोडी कायम राहू शकते. या काळात पारपटल कोरडं पडू न देणं हेच तुमचं मुख्य काम.

दिवसा डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स ठरलेल्या वेळी घाला. रात्री झोपताना घट्ट जेल किंवा मलम, कारण ते जास्त वेळ टिकतं. मूल डोळे घट्ट मिटून घेत असेल तर त्याला उताणं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब टाका आणि त्याला डोळा उघडायला सांगा, थेंब आपोआप आत जातो. मलम स्वच्छ बोटाने खालची पापणी ओढून आत बारीक रेघेसारखं लावा. पंख्याची किंवा एसीची हवा थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नका. डॉक्टरांनी रात्री पापणीला चिकटपट्टी लावायला सांगितली तर आधी त्यांच्याकडून लावून शिकून घ्या.

पहिले दोन दिवस स्वच्छ कपड्यात गुंडाळून थंड शेक द्या, बर्फ थेट त्वचेवर नको. सूज आणि निळसरपणा एक-दोन आठवड्यांत उतरतो. मांडीतून पट्टी घेतली असेल तर ती जखम कोरडी ठेवा. काही दिवस लंगडणं स्वाभाविक आहे. माती, वाळू, पोहणं, चेंडूचे खेळ डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. टाके विरघळणारे आहेत की काढायचे, ते रुग्णालयातून निघण्याआधी विचारून घ्या. पापणीची उंची बघून पहिल्या आठवड्यात निष्कर्ष काढू नका, ती बसायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात.

डोळा लाल होऊन दुखू लागला, मूल उजेडात डोळा उघडेनासं झालं, पारपटलावर पांढरा ठिपका दिसला, पू आला, ताप आला, सूज कमी होण्याऐवजी वाढली, किंवा नजर कमी वाटली, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांशी बोला. पारपटलावरची जखम वेळेवर सापडली तर भरते, उशीर झाला तर डाग राहतो.

पापणी वर गेल्यावर चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून घ्या, कारण दाब बदलल्याने सिलिंडरही बदलू शकतो. पट्टी चालू असेल तर डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत थांबवू नका. आमच्या मुलीची शस्त्रक्रिया चौथ्या वर्षी झाली आणि त्यानंतरही दोन वर्षं रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी होती. आता ती डाव्या डोळ्याने तक्त्याची खालून दुसरी ओळ वाचते, आणि दर सहा महिन्यांनी आम्ही तपासणीला जातोच.